ऑनलाइन व्याख्यानांसाठी स्लायडो, मेंटीमीटर विकत घ्यावं का?

प्रश्न: आमच्या मंडळाची व्याख्यानमाला झूमवर असते, लोक जॉइन होतात पण कॅमेरे बंद आणि चॅटमध्ये नुसता नमस्कार. स्लायडो नाहीतर मेंटीमीटरचा (श्रोत्यांकडून मोबाइलवर प्रश्न आणि मतं घ्यायची ऑनलाइन साधनं) वर्षाचा प्लॅन घ्यावा का? वर्गणीचे पैसे आहेत म्हणून विचारतेय.

सह्याद्री: घाई नका करू ताई. झूमच्या पेड प्लॅनमध्ये पोल (श्रोत्यांची मतं घ्यायची सोय) असतोच, आधी तो वापरा.

पुणेकर_मीनल: स्लायडोच्या फ्री प्लॅनमध्येपण प्रश्न घेता येतात, नाव न देता विचारता येतं त्यामुळे लाजणारेही लिहितात, आवडलेला प्रश्न लाइक करून वर आणता येतो. पण ज्येष्ठ मंडळी मोबाइलवरच झूम बघतात, ती त्याच मोबाइलने स्लायडोत जायचा क्यूआर कोड कसा स्कॅन करणार? त्यांना चॅटच बरं.

सह्याद्री: बरोबर, आणि चॅट वाचायला एक माणूस वेगळा बसवाच, वक्त्यांना मधेमधे थांबवून प्रश्न द्यायचे.