डबेवाले काय ऑपरेशन्स शिकायला पवईला गेले होते?

तळोजावाला:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "ऑपरेशन्स मॅनेजमेंट (उत्पादन आणि पुरवठ्याचं नियोजन) शिकणं म्हणजे दोन वर्षं आणि बापाचे पैसे पाण्यात. डबेवाले काय पवईच्या कॉलेजात गेले होते?" खाली अंगठ्यांची रांग. गप्प बसणार होतो, पण डोकं फिरलं.

तळोज्यात एका कारखान्यात होतो. साप्ताहिक सुट्टी, मशिनं बंद, आणि मशिनांना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर दर आठ मिनिटांतली दोन मिनिटं लोड घेतोय, म्हणजे हवा भरतोय. हवा वापरणारं कोणी नाही, म्हणजे क्षमतेच्या 25 टक्के हवा नुसती गळतेय. साबणाचं पाणी लावत फिरलो, जोडाजोडावर फुगे. वीजबिलात ही रक्कम वेगळी छापून येत नाही. कुठे बघायचं ते मला वर्गात कळलं. उत्पादकता वेगळी, पर्यावरण वेगळं म्हणणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी एकदा कारखान्यात जाऊन कान द्यावा.

गिरणगावकर:
आणि तुमच्या फिटरला ते माहीत नव्हतं होय? मागे घड्याळ घेऊन साहेब उभा राहिला की काय होतं ते आमच्या घरात तीन पिढ्यांना ठाऊक आहे. 1928 चा गिरणी संप कशावरून पेटला? एकेका कामगाराने दोनाऐवजी तीन साचे (माग) सांभाळा, यावरूनच ना? तेव्हा त्याला रॅशनलायझेशन म्हणत, आता तुम्ही लीन म्हणता, म्हणजे जादा काही ठेवायचं नाही. माणसं कमीच होतात.

दादर_स्लो:
अवांतर. डबेवाले सिक्स सिग्मा हे पालुपद आता पुरे. 1998 च्या फोर्ब्समधल्या लेखापासून सुरू आहे ते. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाखांत 3.4 चुका. डब्यांचा जुना आकडा दोन लाख, जाऊन-येऊन चार लाख फेऱ्या. म्हणजे रोज एखादा डबा चुकला तरी सिक्स सिग्मा शाबूत. पण व्हॉट्सॅपवर फिरतं, 1.6 कोटीत एक! म्हणजे अख्ख्या मुंबईत 40 दिवसांत एक. मोजलं कोणी?

परळची_सून:
झालं, आला हिशेब घेऊन! माझ्या सासऱ्यांचा डबा 26 वर्षं बॅलार्ड इस्टेटला गेला, एकदाही चुकला नाही. 26 जुलैच्या पुरातसुद्धा रिकामा डबा दुसऱ्या दिवशी का होईना घरी आला. हे कुठल्या टक्केवारीत बसवता?

दादर_स्लो:
एका डब्यावरून अनुमान काढायचं नसतं, वहिनी.

परळची_सून:
वहिनी नका म्हणू. आणि शहाणपण आवरा.

शिळफाटा:
तुमचा डबा चालू द्या. माझं छोटं युनिट आहे. मोठी कंपनी म्हणते जस्ट इन टाइम, म्हणजे साठा नको, लागेल तेव्हाच माल, रोज चार वेळा पाठव. त्यांचं गोडाऊन रिकामं, माझा अर्धा भरलेला टेम्पो शिळफाट्यावर दोन तास धूर ओकत उभा. वर त्यांचीच शीट येते, "तुमचं कार्बन उत्सर्जन भरा". शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून वरच्या 1000 लिस्टेड कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, त्याचं हे शेपूट. जस्ट इन टाइमचं तंत्र टोयोटाचे इंजिनिअर ओहनो यांनी मांडलं, ते यांनी अर्धंच शिकलं. त्यात रोजचं उत्पादन आणि मालाची मागणी सारखी ठेवणंही होतं, ते सोडलं.

तळोजावाला:
शिळफाटा, इथे तुम्ही बरोबर आहात, नाइलाजाने म्हणतो. डबेवाल्यांकडून शिकायचंच तर सिग्मा सोडा, त्यांच्या टोळीतली दोन-तीन जादा माणसं बघा. कोणी आजारी पडलं, लोकल रखडली, तर ती उभी राहतात. सायकल, लोकल आणि घासून पुन्हा वापरायचा स्टीलचा डबा आहेच. शिकलेला मॅनेजर ती जादा माणसंच आधी काढेल.

गिरणगावकर:
वा! मी तेच बोललो तर घोषणाबाजी, तू बोललास तर ऑपरेशन्स. फिटरचं उत्तर दे आधी.

तळोजावाला:
माहीत होतं त्याला. दोन वर्षं सांगत होता. मी गळती महिन्याच्या रुपयांत मांडली तेव्हा साहेबांनी कागद हातात घेतला. हे चूकच आहे, पण झालं असंच.

गिरणगावकर:
त्या कागदावर त्याचं नाव होतं?

तळोजावाला:
नव्हतं.