मांजराने संत्र्याची साल चघळली, तर काळजी करावी का?

मनीचे घर, रामबाग, इंदूर

नमस्कार. आमच्याकडे दीड वर्षाची मनी आहे. वजन साधारण साडेतीन किलो. हिवाळ्यात शाजापूर-आगर भागातली संत्री बाजारात आली, की माझ्या सासूबाई उटण्यासाठी साली गच्चीवर सुपात वाळत घालतात. परवा दुपारी मनी त्या सुपाशी बसलेली दिसली आणि शेजारी एक ओलसर साल चघळून टाकलेली होती. अर्ध्या तासात तिच्या तोंडाला फेसकट लाळ सुटली आणि एकदा उलटी झाली. रात्री मात्र ती नेहमीसारखी जेवली आणि आज ठणठणीत आहे.

तेव्हापासून माझ्या मनात शंका घर करून बसली आहे, कारण आमच्या घरात लिंबूवर्गीय फळे कुठे नाहीत? सकाळी पोह्यांवर पिळलेल्या लिंबाच्या फोडी ओट्यावर असतात. मनीने तुळशीच्या कुंडीतली माती उकरू नये म्हणून गेले दोन महिने मी स्वतःच तिथे लिंबाच्या साली टाकते आहे, आणि हा उपाय लागूही पडला आहे. शिवाय पिसवांसाठी लिंबे सालीसकट उकळून ते पाणी मनीच्या अंगाला चोळावे, असे शेजारच्या काकूंनी सुचवले आहे. यांतले काय चालेल आणि काय टाळावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त पशुवैद्य, महू

ताई, मनी सावरली आहे आणि जेवते आहे, त्यामुळे परवाच्या प्रसंगाची चिंता आता सोडून द्यावी. लाळ आणि एखादी उलटी ही कडू, झोंबणाऱ्या सालीची नेहमीची प्रतिक्रिया आहे. काकूंचा उपाय मात्र कृपया करू नये. त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो, म्हणजे बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यातच मिळतील.

लहानपणी आपण संत्र्याची साल पणतीच्या ज्योतीजवळ पिळून ठिणग्या उडवत असू. त्या ठिणग्या म्हणजे सालीतले सुगंधी तेल. संत्र्याच्या या तेलाचा सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक भाग लिमोनिन नावाच्या द्रव्याचा असतो. त्याखेरीज लिनालूल आणि सोरालेन वर्गातील द्रव्येही या झाडांच्या साली-पानांत असतात. सोरालेनमुळे उन्हात त्वचेचा दाह होऊ शकतो. आपल्या यकृतात अशी अनेक द्रव्ये ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडली जाऊन लघवीवाटे बाहेर पडतात. मांजराच्या यकृतात या कामाची काही विकरे अत्यंत दुबळी असतात, म्हणून आपण सहज पचवतो ते त्याच्या शरीरात रेंगाळत राहते. आपल्या घरातली तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, त्यामागेही मुख्यतः हेच वैगुण्य आहे. अमेरिकेतील एएसपीसीए या प्राणिदया संस्थेने संत्रे, लिंबू आणि ग्रेपफ्रूट यांची झाडे मांजरांसाठी विषारी म्हणून नोंदवली आहेत. त्या नोंदीत दोष प्रामुख्याने या तेलांना आणि सोरालेनला दिलेला आहे. सोललेल्या फोडीचा गर तितका घातक नसतो, फार तर पोट बिघडते.

आता उकळलेल्या पाण्याविषयी. साल उकळली की तिच्यातले तेल पाण्यात उतरते. ते अंगाला चोळले, की मांजर पुढचा तासभर स्वतःला चाटत बसणार. म्हणजे अंगाला लावलेले सगळे पोटात जाणार, आणि काही भाग कातडीतूनही शोषला जाणार. परदेशांत पिसवांसाठी लिमोनिनयुक्त द्रावणे विकली जात असत. ती प्रमाणाबाहेर वापरल्यावर मांजरांना लाळ गळणे, थरथर, तोल जाणे आणि अंग थंड पडणे असा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. पिसवांसाठी बारीक दातांची फणी, मनीचे अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुणे आणि डॉक्टरांनी वजन पाहून दिलेले, मांजरांसाठीच असलेले औषध, एवढे पुरते. कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला थेंबभरही लावू नये; ते लिंबापेक्षा कितीतरी अधिक घातक आहे.

बोकेवाला, सुदामानगर

डॉक्टरसाहेबांचा पूर्ण आदर राखून एक सांगतो. आमचा बोका नऊ वर्षांचा आहे आणि माझे वडील संत्रे सोलायला बसले, की तो शेजारी येऊन एखादी फोड मागून खातो. त्याला आजवर साधी शिंकही आलेली नाही. सर्वसाधारण मांजर लिंबाच्या वासानेच दूर पळते. मग एवढे घाबरण्याचे कारण काय? थोडे क जीवनसत्त्व पोटात गेले तर चांगलेच, असे आम्ही समजतो.

निवृत्त पशुवैद्य, महू

आपल्या बोक्याचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. तो गर खातो, साल नव्हे, आणि तेही चिमूटभर. मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. क जीवनसत्त्व मांजर आपल्या यकृतात स्वतःच तयार करते. ते बाहेरून घेण्याची गरज आपल्याला आहे, त्याला नाही. आणि संत्र्याच्या गोडीसाठी तो येत असेल, असेही नाही, कारण गोड चव ओळखणाऱ्या ग्राहीचे एक जनुक मांजरवंशात निकामी झालेले असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तो बहुधा वडिलांच्या सोबतीसाठीच येतो. त्या वेळी उकडलेल्या कोंबडीचा बिनमिठाचा तुकडा दिलात, तर वडिलांशी त्याचे सख्य अधिकच वाढेल.

स्नेहनगरची वाचक

मला या चर्चेत एक वेगळी बाजू जोडायची आहे, कारण आमच्याकडे झालेला त्रास फळामुळे नव्हता. गेल्या पावसाळ्यात घरातला कुबट वास जावा म्हणून मी एका दुकानातून लिंबाच्या तेलाची बाटली आणि ते हवेत सोडणारे विजेवरचे यंत्र आणले. ‘संपूर्ण नैसर्गिक, पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित’ असे दुकानदाराने ठासून सांगितले होते. दारे-खिडक्या बंद, यंत्र रात्रभर चालू, आणि आमची चार महिन्यांची पिल्ले त्याच खोलीत. सकाळी एक पिल्लू लडखडत चालत होते आणि त्याचे नाक वाहत होते. डॉक्टरांनी यंत्र बंद करून पिल्लांना मोकळ्या हवेत, उबेत ठेवायला सांगितले. दोन दिवसांत ते सुधारले. नैसर्गिक असणे आणि निरुपद्रवी असणे यांत फरक आहे, हे मला तेव्हा कळले. धोत्राही नैसर्गिकच असतो.

फरशीकडेही लक्ष द्यावे. लिंबाच्या वासाचे द्रावण किंवा फिनाईल ओल्या फरशीवर असते, त्यावरून मांजर चालते आणि मग पंजे चाटते. पांढऱ्या फिनाईलमध्ये बहुतेक वेळा पाइनचे तेल असते आणि काळ्यात फेनॉलजातीची द्रव्ये. दोन्ही मांजराला अपायकारक आहेत. आम्ही आता साध्या पाण्यात थोडा साबण घालून पुसतो आणि फरशी कोरडी होईपर्यंत दार लावून घेतो.

निवृत्त पशुवैद्य, महू

ताईंचा मुद्दा अगदी योग्य आहे. एका ओल्या सालीत जेवढे तेल असते त्याच्या अनेक पटींनी ते अशा छोट्या बाटलीत असते. तेल अंगावर सांडले, तर कोमट पाण्यात भांडी घासण्याचा सौम्य साबण घालून ताबडतोब धुवावे, कोरडे करावे आणि उबेत ठेवावे. तेल पोटात गेले असेल, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, कारण तेल श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसांना सूज येते. थरथर, तोल जाणे किंवा अंग थंड पडणे यांपैकी काहीही दिसल्यास बाटली सोबत घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. साधी साल चघळली असेल आणि उलट्या थांबत नसतील, किंवा दिवसभर अन्नाला तोंड लावले नसेल, तरीही दाखवून घ्यावे.

मनीचे घर, रामबाग, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकूंना नम्रपणे नकार कळवला आहे. त्या जरा नाराज आहेत, पण फणी त्यांनीच आणून दिली. एकच प्रश्न उरतो: तुळशीतल्या साली काढल्या, तर मनी पुन्हा कुंडी उकरणार. त्यावर काय करावे?

बोकेवाला, सुदामानगर

याचे उत्तर मी देऊ शकतो, कारण आमच्या बोक्याने तीन तुळशी मारल्या आहेत. खोडाभोवती हाताच्या मुठीएवढे गुळगुळीत गोटे दाटीने मांडावेत. पाणी मुरते, पण पंजाला माती लागत नाही. नारळाच्या काथ्याचा थरही चालतो. मांजराला उकरायला मोकळी जागा हवीच असते, म्हणून गच्चीच्या कोपऱ्यात वाळूचे एक पसरट घमेले ठेवावे आणि ते रोज स्वच्छ करावे. घमेले घाण राहिले, की स्वारी पुन्हा तुळशीकडे वळते. कुंडीतल्या जुन्या सालींना बुरशी आली असेल, तर त्या आजच काढून टाकाव्यात, तशी साल पोटात गेलेली अधिक वाईट.

मनीचे घर, रामबाग, इंदूर

साली काढल्या, खालच्या थराला खरोखरच हिरवी बुरशी होती. गोटे उद्या आणते. सासूबाईंनी सूप आतल्या खोलीत, जाळीच्या कपाटात हलवले आहे. उटणे वाळायला आता दुप्पट दिवस लागतील, असे त्यांनी मनीकडे पाहत दोनदा ऐकवले.