मदत हवी आहे: सांधे निसटतात (एहलर्स-डॅनलॉस), मुलीचा जिम्नॅस्टिक्सचा क्लास बंद करू का?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतं वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ३६, राहते नाशिकला. गेल्या महिन्यात रुमॅटॉलॉजिस्टने (सांध्यांचे डॉक्टर) सांगितलं की मला एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम आहे, त्यातला हायपरमोबाइल प्रकार, म्हणजे सांधे नको तितके वळतात. त्याआधी जवळजवळ बारा वर्षं आरए फॅक्टर, अँटी सीसीपी, एएनए, युरिक अॅसिड, व्हिटॅमिन डी अशा सगळ्या रक्ताच्या तपासण्या करून झाल्या आणि डी सोडलं तर सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग डॉक्टर म्हणणार टेन्शन घेऊ नका.

होतं काय, तर वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला हात वर केला की खांदा निसटतो. पूर्ण निखळत नाही, अर्धवट सरकतो आणि टक्‌ आवाज होऊन परत बसतो, मग दोन दिवस कणीक मळता येत नाही. पाय तर सपाट रस्त्यावर मुरगळतो. लहानपणी आई हाडवैद्याकडे न्यायची, तो म्हणायचा पोरीची हाडं लोण्यासारखी आहेत. लग्नानंतर जाऊबाई म्हणाल्या अंगचोर आहे. दाढ काढताना डेंटिस्टने दोन इंजेक्शनं देऊनही मला सगळं कळत होतं तर म्हणे तुम्ही फार घाबरता बुवा. आत्ता कळलं की या आजारात बऱ्याच जणांना भुलीचं इंजेक्शन नीट लागत नाही.

डॉक्टरांनी टेबलावर हात ठेवायला लावून करंगळी मागे वळवली, अंगठा मनगटाकडे दाबला तर तो हाताला आतून टेकलाच, मग कोपर, गुडघे, आणि शेवटी गुडघे न वाकवता तळवे जमिनीला. याला बायटन स्कोअर म्हणतात, ९ पैकी मोजतात, माझ्या वयाला ५ किंवा जास्त आला की लक्ष द्यायचं, माझा ८. (शाळेत याच करामतीवर जिल्हास्तरीय योगासन स्पर्धेत दुसरा नंबर आला होता, मेडल अजून आईकडे शोकेसमध्ये आहे!) त्यांनी समजावलं ते असं, की शरीराला बांधून ठेवणारं जे कोलॅजन असतं ते मुळातच सैल आहे, म्हणजे परकराला नाडीऐवजी जुनं ढिलं इलॅस्टिक घातलंय असं समजा, त्यामुळे लिगामेंट सांधा धरून ठेवत नाहीत आणि ते काम स्नायूंना करावं लागतं, म्हणून दिवसभर काही न करताही अंग ठणकतं. उभं राहिल्यावर घेरी येते, धडधडतं, तेही याच्या जोडीने बऱ्याच जणांना असतं म्हणाले, पाणी आणि मीठ वाढवायला सांगितलंय.

आता अडचणी. घरी-दारी ज्याला सांगावं तो म्हणतो योगा कर, अंग मोकळं होईल. अहो अंग मोकळंच आहे, तोच तर आजार आहे! डॉक्टर म्हणाले ताणायचं नाही, सांध्याच्या शेवटच्या टोकापर्यंत न्यायचं नाही, हळूहळू ताकद वाढवायची. पण इथे ज्या फिजिओकडे गेले त्यांनी पहिल्याच दिवशी स्ट्रेचिंग दिलं आणि आठवडा झोपून काढला. हायपरमोबिलिटी कळणारा फिजिओ कुणाला माहीत आहे का?

दुसरं, जीन टेस्ट. या प्रकाराचं जीन अजून सापडलेलंच नाही, म्हणजे टेस्ट निगेटिव्ह आली तरी माझं दुखणं आहेच. करायची ती व्हॅस्क्युलर प्रकार नाही ना हे बघायला, त्यात रक्तवाहिन्या, आतडी फाटू शकतात. घरात कुणी तरुणपणी असं अचानक गेलंय का विचारलं, तसं कुणी नाही. तरी करावी का? कुणी केली असेल तर खर्च किती आला सांगा.

आणि खरं ज्यासाठी लिहितेय ते. मुलगी सात वर्षांची आहे. आईकडून मुलाला जायची शक्यता प्रत्येक वेळी निम्मी. ती पालथी पडून पाय मागून डोक्यावर ठेवते, जिम्नॅस्टिक्सच्या बाई खूश आहेत, म्हणतात अशी मुलगी वर्षात एखादी मिळते, स्पर्धेला उतरवू. तिचे बाबा म्हणतात तुझ्या आजाराचं ओझं तिच्यावर कशाला लादतेस. मला त्या पायाकडे बघवत नाही. बंद केलं तर रडेल, नाही केलं तर पुढे मलाच विचारेल. तुमच्यापैकी कुणी या फेऱ्यातून गेलंय का?

संपादन, रात्री: सगळ्यांचे आभार. कुणी मेथीचे लाडू सुचवलेत, त्यांनी कोलॅजन बदलत नाही पण लाडू चालतील. ज्यांनी क्लास एकदम तोडू नका, आधी तिला रात्री पाय दुखतात का विचारा असं लिहिलं, त्यांचं ऐकून आत्ता झोपवताना विचारलं. ती म्हणाली, "रात्री सगळ्यांचेच दुखतात ना?"

सोमवारी मुलांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, स्पर्धेला सध्या नाही कळवते. फिजिओचं नाव अजून हवंच आहे, पुणे-ठाणेही चालेल.