मावशींचा वॉल्व्ह, पांढरं कार्ड आणि आपला निधी

नमस्कार मंडळी,

नागपूरला धरमपेठेत माझ्या आईकडे १६ वर्षं पोळ्या करणाऱ्या मावशींच्या हृदयाचा वॉल्व्ह बदलावा लागणार आहे. एका खासगी हॉस्पिटलने ३ लाख ८० हजारांचा अंदाज हातात दिलाय. सरकारी योजनेचं विचारलं, तर काउंटरवर म्हणे, "कार्ड पांढरं आहे, बसत नाही." विषय संपला. मी ५०० डॉलर घालते. आणखी कोणी? मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीतले काही उरलेत का?

— न्यू जर्सीतल्या एडिसनहून, मूळची धरमपेठची

---

अगं, थांब जरा. पैसे जमवू नकोस अजून.

मी गेली तीन वर्षं नागपुरातच आहे, आणि शेजारपाजारच्या लोकांसाठी या कागदांच्या मागे बराच फिरलो आहे. काउंटरवरच्या माणसाने जुनं पुस्तक वाचून दाखवलं तुम्हाला.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही. संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं, पूर्वी दीड लाखाचं होतं. वॉल्व्ह बदलणं त्यात येतं.

त्याआधी मात्र मावशी खरंच बाहेर पडल्या असत्या, आणि ते फार चिडवणारं होतं. केशरी कार्डाची उत्पन्नमर्यादा वर्षाला १ लाख. महिन्याचे ८,३३३ रुपये! ही तीन रंगांची पद्धत १९९९ची, आणि आकडा तिथेच बसून राहिला. चार घरच्या पोळ्या आणि मुलाची डिलिव्हरीची नोकरी मिळून मावशींच्या घरात वर्षाला पावणेतीन लाख तरी येत असतील. म्हणजे कार्ड पांढरं. म्हणजे सरकारच्या लेखी सुखवस्तू. त्या काळी पांढऱ्या कार्डावर फक्त १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना घेत. त्यात वर्धा होता, नागपूर नव्हतं. बुटीबोरीच्या पुढे जाऊन शेती करायला हवी होती बाप्पा मावशींनी!

आता उत्पन्नाचा प्रश्न उरलेला नाही, प्रश्न नावाचा आहे. कार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरं असेल (माहेरचं-सासरचं, 'बाई' लावलेलं-न लावलेलं) तर गाडी अडते. हे आज रात्रीच तपास. कार्ड भंडाऱ्याचं असलं तरी चालतं, महाराष्ट्रातलं असलं की झालं. पण मावशी छिंदवाड्याकडच्या असतील आणि कार्ड तिकडचं असेल, तर मात्र आयुष्मान भारतच्या यादीत नाव आहे का ते पाहावं लागेल.

मग मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला) किंवा सुपर स्पेशालिटीला जायचं आणि आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधायचं. डॉक्टरकडे नंतर, आधी आरोग्यमित्र. तो कागद चढवतो, मंजुरी येते, पैसे भरायचे नाहीत. जेवण, औषधं, घरी जायचं भाडं, सुट्टी झाल्यावर १० दिवसांची औषधं हे सगळं पॅकेजमध्ये धरलेलं असतं. खासगीतच करायचं असेल तर ते हॉस्पिटल योजनेत आहे का हे आधी १५५३८८ वर विचारा. रुग्णाला भरती करून मग विचारू नका.

योजनेत काही अडलंच, तर धर्मादाय हॉस्पिटलचं दार आहे. तिथे पुन्हा उत्पन्न आलं: १ लाख ८० हजारांपर्यंत मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत निम्म्या दरात, आणि दोन्हीसाठी खाटा राखून ठेवाव्या लागतात. मावशी दुसऱ्यात बसतील. मुख्यमंत्री सहायता निधीची मर्यादा १ लाख ६० हजार, तिथे नाही बसणार. एकाच राज्यात एकच बाई एका खिडकीत श्रीमंत आणि दुसऱ्या खिडकीत दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मात्र काढून ठेवा, कुठेतरी लागतोच.

आणि तुझी आई सत्तरीच्या पुढे असेल ना? तिचं वय वंदना कार्ड काढून घे. ७० पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न विचारता ५ लाख, २९ ऑक्टोबर २०२४ पासून. धरमपेठेतला बंगला असला तरी!

— बजाजनगरचा काका

---

मंडळी, कोषाध्यक्ष म्हणून: मंडळाच्या खात्यातून परदेशात एका व्यक्तीला पैसे पाठवणं मला हिशेब तपासणाऱ्यांना समजावून सांगता येणार नाही. वैयक्तिक द्या, मी यादी करतो.

काकांनी १९९९चा आकडा सांगितला तेव्हा मला इथलंच आठवलं. न्यू जर्सीत मेडिकेडसाठी, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, एकट्या माणसाची वार्षिक उत्पन्नमर्यादा २०२५ला २१,५९७ डॉलर होती. हा आकडा दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्के, आणि ती रेषा दर जानेवारीला बदलते. निदान महागाई मोजतात तरी. तरीही एक तास जास्त काम केलं की कार्ड जातं म्हणून शिफ्ट नाकारणारे लोक मी रोज पाहतो. आमच्या दुकानातच दोघे आहेत.

---

काका, आईला फोन केला. कार्ड नागपूरचंच, मानेवाड्याच्या पत्त्यावर. आणि तुम्ही म्हणालात तसंच: कार्डावर माहेरचं नाव. आधारवर सासरचं. मावशी म्हणतात, "एवढ्या वर्षांत कोणी विचारलंच नाही."

शेजारचे दादा सोमवारी रेशन ऑफिसला नेताहेत, लग्नाचं प्रमाणपत्र शोधायचं काम सुरू आहे. कोषाध्यक्ष, माझे ५०० तुमच्याकडेच राहू देत. ऑपरेशननंतर तीन महिने त्या पोळ्या लाटू शकणार नाहीत, तेव्हा घरभाड्याला लागतील.