कमी खर्चात घरातला कचरा कसा कमी करावा, वीज-गॅस कसा वाचवावा? कोल्हापूरकरांचा सल्ला हवा

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, भाड्याच्या दोन खोल्या, एक छोटी बाल्कनी. २०१९ चा महापूर ओसरल्यावर पंचगंगेकाठच्या झाडांना लटकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या बघितल्या, तेव्हापासून घरातला कचरा कमी करायचं मनात आहे. परवा ऑनलाइन बघायला बसलो, तर बांबूचे ब्रश, काचेच्या बरण्या, खताचं तयार किट धरून बेरीज चार हजारांवर गेली. तेवढं परवडत नाही. भाड्याचं घर, त्यामुळं छतावर सोलरही बसवता येत नाही. वीज महिन्याला १२०-१३० युनिट जळते. तुमच्या घरात वर्षभर तरी टिकलंय असंच सांगा.

वाकळवाली:
दादा, काहीही विकत आणू नका. आधी कापडी पिशव्या आणि झाकणाचे दोन स्टीलचे डबे गाडीच्या डिकीत कायमचे ठेवा. घरी राहिले की संपलं! मटणाला डबा, दह्याला डबा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर किटली घेऊन गेलात तर दुधाच्या पिशव्याही वाचतात.
जुन्या सुती साड्या बोहारणीला देऊ नका. वाकळ, म्हणजे गोधडी, शिवून घ्या, उरलेल्या तुकड्यांची फडकी करा. आमच्याकडं पुसायला कागद लागतच नाही.

वीजवाला काका:
तुमचं बिल १०० युनिटांच्या आत आणायचं बघा. त्यापुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो. गिझर किती वॅटचा आहे? २००० वॅटचा असेल, तर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. रोज अर्धा तास वाचवलात तर महिन्याला ३० युनिट. सगळ्यांच्या आंघोळी लागोपाठ उरका, बादलीनं करा, आणि बटण बंद करायची जबाबदारी एकावर टाका.
पंखा जुना ७५ वॅटचा असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा साधारण ३० वॅट घेतो. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिटांचा फरक पडतो. पैसे जातात खरे, पण घर बदललं तर पंखा सोबत नेता येतो. एकदम सगळे बदलू नका, सर्वांत जास्त चालणारा आधी.

बाल्कनीतली बाग:
ओल्या कचऱ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझे पहिले दोन प्रयत्न वास येऊन फसले.
रंगाची रिकामी २० लिटरची बादली धुऊन घ्या. बुडाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाला वाळकी पानं. मग भाजीची देठं, साली बारीक चिरून टाकायच्या आणि प्रत्येक थरावर तेवढाच वाळका पाला. माझी चूक इथंच होत होती, नुसता ओला कचरा भरत होते. वास आला म्हणजे ओल जास्त झाली, पाला वाढवा आणि हलवा. सुरुवातीला आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून शिंपडा.
पाला नसेल तर रसवंतीवरची उसाची चिपाडं आणा. मात्र कडक उन्हात वाळवून बारीक तोडूनच घाला, गोडवा राहिला तर मुंग्या लागतात. खरकटं, मटणाची हाडं, तेलकट काही नको. दोन-अडीच महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत मिळतं. माझी कढीपत्त्याची कुंडी त्यावरच आहे.

राजारामपुरीकर:
ताई, चिपाडाचं डोक्यातच आलं नव्हतं, कोपऱ्यावरच रसवंती आहे. गिझर २००० वॅटचाच आहे, काका. गॅससाठी काही?

वाकळवाली:
डाळ-कडधान्य भिजवल्याशिवाय शिजवू नका. भाताला दणदणीत उकळी येऊ द्या, पाच-सात मिनिटांनी झाकण घट्ट लावून पातेलं जाड वाकळीत गुंडाळा. पाऊण तासात भात होतो. राजमा मात्र असा करू नका, तो खळखळ उकळून पूर्ण शिजलाच पाहिजे.

पेठेतला:
पाणी तापवायचा बंब घ्या, नारळाच्या करवंट्या जाळा, गिझरच नको.

वीजवाला काका:
भावा, वाड्यात अंगण असेल तर ठीक. दोन खोल्यांत त्याचा धूर कुठं जाणार? भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुणीही करू नये.

बाल्कनीतली बाग:
एक राहिलं. रस्स्याचा कट, म्हणजे वरचा तेलाचा तवंग, ताटाला लागलेला असतो, तो सिंकमध्ये जाऊ देऊ नका. मोरी तुंबते आणि साबणही दुप्पट लागतो. चाळणीतल्या कोंड्यानं किंवा रद्दी कागदानं आधी पुसून घ्या. मग भिजवून उकळलेल्या रिठ्याच्या पाण्यानंही भांडी निघतात. डोळ्यांत जाऊ देऊ नका, झोंबतं. आणि ते तीन-चार दिवसांपुरतंच करा, आंबतं.

राजारामपुरीकर:
रविवारी बादलीला भोकं पाडतो. पुढच्या महिन्याचं बिल आलं की युनिट इथंच टाकतो.