मदत हवी आहे: स्कूटर माझ्या नावावर, चालवत होता भाचा, आता कोर्टाचं समन्स

जाणकारांनो, जरा मार्ग सुचवा.

गेल्या श्रावणात भाचा माझी स्कूटर घेऊन गेला आणि गाडी चालवताना मोबाईलवर बोलल्याचं ई-चलन आलं. फोटोत एक हात हँडलवर, दुसऱ्यात कानाला लावलेला फोन. वाद घालायला जागाच नाही. "लोकअदालतीत निम्म्यात मिटतं, मामा, थांबा," म्हणाला, म्हणून थांबलो. आता माझ्या नावाने समन्स आलंय, मोटार वाहन कायदा कलम 184 (धोकादायक पद्धतीने गाडी चालवणं).

पैशांचं काही नाही हो. भाचा पोलीस भरतीत आहे, मैदानी झाली, लेखी बाकी. चारित्र्य पडताळणीत गुन्हा, खटला, शिक्षा सगळं विचारतात. कोर्टात उभं कोणी राहायचं, मी की तो? "गुन्हा कबूल" म्हणून दंड भरला तर ती शिक्षा धरतात का? आणि सहा महिने उलटले की चलन आपोआप बाद होतं असं एक एजंट छातीठोक सांगतोय, ते खरं का?

प्रतिसाद १ (वकिली करतो):
एजंटाचं सोडा. खटला दाखल करायची सहा महिन्यांची मुदत फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना. 184 ला पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1000 ते 5000 रुपये दंड किंवा दोन्ही, म्हणून मुदत एक वर्षाची (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा कायदा, कलम 514). खटला कोर्टात कधी दाखल झाला ती तारीख आधी बघा.

कोर्टापुढे गुन्हा कबूल केला की ती दोषसिद्धीच, दंड कितीही किरकोळ असो. तडजोड शुल्काचं, म्हणजे शिक्षा न होता प्रकरण मिटवायला भरायच्या रकमेचं, तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 मध्ये 184 मधला हातातल्या मोबाईलचा भाग तेवढा तडजोडीला पात्र आहे, आणि खटला दाखल झाल्यावरही तडजोड करता येते. शुल्क भरलं की पुढची कारवाई थांबते. पावती घ्या आणि तारखेला पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) देऊन ती दाखल करा.

समन्स तुमच्या नावावर आहे, तेव्हा तुम्ही किंवा तुमचा वकील हजर हवा. तारीख चुकवली तर जामीनपात्र वॉरंट निघू शकतं. चालक कोण होता हे पोलिसांनी विचारलं तर त्याच कायद्याच्या कलम 133 प्रमाणे मालकाला सांगावंच लागतं. भलत्याचं नाव देऊ नका.

धागाकर्ता:
आभारी आहे, वकीलसाहेब. पण ॲपवर पैसे भरायचं बटणच गायब आहे, "कोर्टाकडे पाठवले" एवढंच दिसतं. मग भरायचं कुठे? आणि भाच्याने पडताळणीच्या फॉर्मवर काय लिहायचं?

प्रतिसाद २ (तेच वकील):
समन्स आणि आरसी घेऊन वाहतूक शाखेत जा, शुल्काबद्दल लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तिथे टोलवाटोलवी झाली तर तारखेला तीच पोच न्यायाधीशांसमोर ठेवून तडजोडीची परवानगी मागा.

फॉर्मवर प्रश्न शब्दशः वाचून खरं तेच लिहायचं. सध्या खटला तुमच्यावर आहे, भाच्यावर नाही. पुढे त्याचं नाव आलं तर तेही लिहायचं. लपवलेलं सापडलं की, बाब क्षुल्लक असली तरी, सोडून द्यायचं की नाही हे भरती करणाऱ्यांच्या हातात जातं. सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा अवतार सिंग निकाल याच मुद्द्यावर आहे.

धागाकर्ता:
सोमवारी शाखेत जातो. काय होतं ते इथेच कळवतो.