एल्डर आणि ओल्डर, नक्की कुठे काय वापरायचं?

प्रश्न (सिडको, नाशिक): मुलगी सातवीत आहे, तिने 'माय ब्रदर इज एल्डर दॅन मी' लिहिलं तर बाईंनी काट मारली, पण 'माय एल्डर ब्रदर' चालतं म्हणे, मग फरक काय? कोणी नीट सांगा ना प्लीज.

उत्तर १: बाई बरोबर आहेत. दॅन आलं की ओल्डरच. 'ही इज ओल्डर दॅन मी'. एल्डर नावाच्या आधी लावायचं, तेही माणसांना आणि बहुतेक घरातल्याच, एल्डर सिस्टर, एल्डर सन वगैरे.

उत्तर २: आणि वस्तूंना, जागांना एल्डर कधीच नाही हं! पांडवलेणी काळाराम मंदिरापेक्षा कितीतरी जुनी, तर 'पांडवलेणी केव्ह्ज आर ओल्डर दॅन काळाराम टेंपल' असंच म्हणायचं. आपल्याकडे मोठा भाऊ म्हणून बिगर ब्रदर पण सर्रास बोलतात, ते टाळा, बिग ब्रदर म्हणा.

प्रश्नकर्ती: मग 'शी इज द एल्डर ऑफ द टू' हे पुस्तकातलं कसं चालतं?

उत्तर १: त्यात दॅन नाहीये ना ताई, दोघींमधली मोठी कोण एवढंच सांगितलंय, म्हणून चालतं. तिघी असतील तर द एल्डेस्ट.